भोपळ्या दाखवा

इमारतीचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी ऑफिसातून येत, हातपाय धूत आणि दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून फोनची वाट बघत. आपण वाट बघतोय हे कोणाला कळू नये म्हणून ते वर्तमानपत्र उघडून धरत. ते सकाळीच वाचून झालेलं असे. त्यामुळे शहरात कुठे कसल्या निविदा निघाल्या आहेत हे सेक्रेटरींना कंत्राटदारांपेक्षा जास्त पाठ होतं.

मग फोन वाजे. पडद्यावर मुलीचा चेहरा येई आणि तो चेहरा म्हणे, "बाबा, भोपळ्या दाखवा."

सेक्रेटरी भोपळ्या दाखवत.

भोपळ्या म्हणजे घरचा लॅब्रॅडॉर. रंगाने पिवळा, आकाराने गोल, आणि स्वभावाने असा की घरात चोर शिरला तर तो आधी चोराचे खिसे हुंगेल, मग स्वयंपाकघराची वाट दाखवेल. नाव मुलीनेच ठेवलेलं. कॉलेजात असताना "मैत्रीण गावाला गेलीय, आठवडाभर सांभाळायचाय" असं सांगून तिने तो घरी आणला. ती मैत्रीण अजून गावाहून परतलेली नाही. पुढे मुलीला फार लांबच्या देशात नोकरी लागली. विमानात दोन बॅगा नेण्याची मुभा होती. भोपळ्या दोन्हींत मावला नाही.

मुलीच्या बोलण्याची वाटणी ठरलेली होती. ऑफिसला जाता जाता ती आईशी बोले. तेव्हा इकडे दुपार असे आणि सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातल्या आपल्या टेबलापाशी मीटरच्या तक्रारींवर शेरे मारत असत. तिच्या जेवणाच्या सुट्टीत इकडे संध्याकाळ होई, आणि ती सुट्टी भोपळ्याची होती. मधल्या मध्ये सेक्रेटरींना काम होतं ते फोन धरण्याचं. एखाद्या लोखंडी स्टँडला वाचा फुटली तर तो जेवढं बोलेल तेवढंच ते बोलत: "धरलाय." "दिसतोय का?" "जरा डावीकडे घेतो."

मुलीच्या बातम्या त्यांना बायकोकडून मिळत, आणि त्याही जुन्या झाल्यावर.

"तिने घर बदललं," एकदा जेवताना बायको म्हणाली.

"कधी?"

"झाला की महिना. चांगलं आहे. खिडकीतून झाडं दिसतात."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

सेक्रेटरींनी भात कालवायला घेतला. ज्या माणसाच्या सहीशिवाय इमारतीतला दिवा बदलता येत नाही, त्याच्या मुलीने त्याला न कळवता घर बदलावं! रात्री त्यांनी मनातल्या मनात त्या खिडकीबाहेर झाडं लावून बघितली. पण कसली झाडं, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्यामुळे खिडकीबाहेर नुसतंच हिरवं काहीतरी हलत राहिलं.

इथवर सगळं निदान चालू तरी होतं. पण भोपळ्या आता वयाने पोक्त झाला होता, आणि संध्याकाळी नेमक्या त्याच वेळी त्याला झोप येऊ लागली. फोन समोर धरला की पडद्यावर एक पिवळा डोंगर वर-खाली होताना दिसे.

"झोपलाय का? बरं, झोपू दे त्याला. ठेवते हं बाबा."

फोन बंद होई. पडदा काळा पडला की त्यात सेक्रेटरींना स्वतःचं नाक दिसे.

जागा असला की भोपळ्या शेपटी हलवी, जीभ काढी, मुलगी हसे, त्याच्याशी बोबडं बोले, आणि फोन चांगला लांबे. झोपला की संपलं. सेक्रेटरींनी आयुष्यभर पाण्याचे मीटर तपासले होते. कशामुळे काय वाढतं आणि कशामुळे घटतं हे त्यांना न सांगता कळे. कुत्र्याला कामाला लावल्याशिवाय फोन लांबणार नाही, हे उघड होतं.

"याला हात द्यायला शिकवतो," त्यांनी जाहीर केलं. "जनावराला शिस्त हवी."

"इतकी वर्षं नव्हती लागली ती," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"म्हणून तर."

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंनी दिला. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "आधी करून दाखवायचं, मग करून घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात पुढे करा. लगेच बिस्किट. त्याला संबंध कळला पाहिजे."

सेक्रेटरी फरशीवर मांडी घालून बसले. "हात दे," असं म्हणून त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. लगेच भोपळ्याला बिस्किट दिलं. पुन्हा हात, पुन्हा बिस्किट. भोपळ्याला संबंध फार लवकर कळला. हा माणूस हात पुढे करतो तेव्हा आपल्याला बिस्किट मिळतं, तर आपण काहीही करण्याची गरज नाही. आठवडा संपेपर्यंत तो नुसता टक लावून बघायचा आणि सेक्रेटरींचा हात आपोआप पुढे यायचा.

"शिकलं बाई कोणीतरी एकदाचं," बायको म्हणाली.

उठताना सेक्रेटरींच्या गुडघ्यातून असा आवाज आला की हेडबाईंनी वरून खिडकीतून विचारलं, "काय मोडलं?"

दुसरा सल्ला ऑफिसातून आला, आणि त्यातून एक ट्रेनर आला. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि तोंडात एकच वाक्य. त्याने भोपळ्याभोवती एक फेरी मारली, सेक्रेटरींभोवती दोन मारल्या आणि म्हणाला, "सर, प्रॉब्लेम कधीच कुत्र्यात नसतो."

"हे मी फुकटात सांगितलं असतं," आतून आवाज आला.

"याला मोकळी जागा लागेल, सर. इथे सोफा आहे, सोफ्यावर झोप आहे. गच्ची आहे का?"

गच्ची होती. गच्चीच्या दारावर एक पाटीही होती: 'गच्चीवर पाळीव प्राणी, सायकली, अडगळ व मोठ्याने बोलणे यांस सक्त मनाई. अपवाद केला जाणार नाही. हुकुमावरून, सेक्रेटरी.' अक्षर मोठं वळणदार होतं. शेवटचं वाक्य तर त्यांनी लाल रंगाने अधोरेखित केलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी ससे आणले तेव्हाची ती पाटी. ते डॉक्टर आता समितीचे अध्यक्ष होते, आणि दातांच्या डॉक्टरांना काही आतल्या आत किडत ठेवण्याची सवय नसली, तरी सशांची गोष्ट त्यांनी बरोबर जपून ठेवली होती.

सेक्रेटरींनी रीतसर अर्ज केला. अर्ज सेक्रेटरींच्या नावे करायचा असल्याने 'मा. सेक्रेटरी यांस' असं त्यांनीच लिहिलं, खाली 'आपला नम्र' म्हणून त्यांनीच सही केली आणि पोच म्हणून शिक्काही त्यांनीच मारला. समितीच्या सभेत तो वाचून दाखवणं हेही सेक्रेटरींचंच काम होतं.

"अर्जदार हजर आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"अर्जदारांनी पाटी वाचलीय का?"

"वाचलीय."

"अक्षर लागलं नसेल तर सांगा. कधी कधी लागत नाही."

"लागलं."

"मग कुत्र्याने हात द्यायलाच हवा, अशी काय निकड आहे, ते अर्जदार सभेला सांगतील का?"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. सभेपुढे सांगण्यासारखं एक कारण होतं, शिस्तीचं. दुसरं एक कारण अर्जात नव्हतं. 'माझी मुलगी रोज फोन करते आणि माझ्याशी बोलत नाही,' असं कोणत्या सभेच्या कामकाजात लिहितात? त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"शिस्तीसाठी," ते म्हणाले.

परवानगी मिळाली. अट एवढीच की हेडबाईंनी निरीक्षक म्हणून हजर राहावं, आणि त्या राहणारच होत्या.

गच्चीवरच्या त्या सकाळचं वर्णन हेडबाई आजही वेगवेगळ्या आवाजांत करून दाखवतात. घडलं ते साधंच होतं. पाण्याची टाकी नुकतीच धुऊन, ताज्या पाण्याने भरून प्लंबर झाकण आणायला खाली गेला होता. टाकी बुटकी होती आणि तिच्या शेजारी सिमेंटची पायरी होती. ट्रेनरने शिट्टी फुंकली. लॅब्रॅडॉर या जातीला पाण्याची केवढी ओढ असते, हे सेक्रेटरींनी ऐकलं होतं, पण घरात भोपळ्या आंघोळीचं नाव काढलं की पलंगाखाली जायचा, म्हणून त्यांना ती जाहिरात वाटली होती. भोपळ्या शिट्टीवर उठला, दोन्ही कान मागे टाकून धावला, पायरीवर चढला आणि आपल्या सगळ्या पोक्तपणासकट टाकीत पडला.

इमारतीच्या सगळ्या नळांना एकदम आलेलं पाणी जरा पिवळट आहे, हे पहिल्यांदा अध्यक्षांच्या लक्षात आलं. ते तेव्हा एका पेशंटला चूळ भरायला सांगत होते.

भोपळ्याला बाहेर काढायला ट्रेनर आत उतरला, आणि ट्रेनरला बाहेर काढायला प्लंबर. टाकी पुन्हा रिकामी झाली, पुन्हा धुतली गेली. संध्याकाळपर्यंत इमारतीत थेंब नव्हता. फलकावर सेक्रेटरींना सूचना लावावी लागली: 'तांत्रिक कारणामुळे पाणीपुरवठा बंद राहील.' कोणीतरी 'तांत्रिक' या शब्दाला चार पाय आणि शेपटी काढली. पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेल्या माणसाने बादली घेऊन शेजारच्या इमारतीत जायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. जाताना त्यांनी बादलीत वर्तमानपत्र ठेवलं, म्हणजे सहज फिरायला निघाल्यासारखं दिसेल.

त्या संध्याकाळी दमलेला भोपळ्या मेल्यासारखा झोपला.

"झोपलाय का?"

"हो. आज जरा... हालचाल झाली."

"बरं. ठेवते हं बाबा."

टाकीची गोष्ट तोंडाशी आली होती. लहानपणी ती अशा गोष्टींना पोट धरून हसायची. पण फोन ठेवलेला होता.

ट्रेनरने जाता जाता, शिट्टीतलं पाणी झटकत, एक शेवटचा उपाय सांगून ठेवला होता. "सर, ज्या माणसासाठी कुत्र्याने करायचं, त्या माणसाच्या वासाचं काहीतरी समोर धरा. आपोआप जागा राहतो."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी ऑफिसातून जरा लवकर निघाले. बायको हेडबाईंकडे गेली होती. त्यांनी मुलीच्या खोलीचं दार उघडलं. खोलीला बंद खोलीचा वास होता. टेबलावर तिचा टेबललॅम्प मान खाली घालून उभा होता. तो ती गेली तेव्हाही तसाच होता. कपाट बहुतेक रिकामं. एका कप्प्यात निळा लोकरीचा मोजा. एकच. त्याची जोडी भोपळ्याने लहानपणी खाल्ली होती, आणि ती "एका पायाला मोजा, दुसऱ्याला भोपळ्या," असं म्हणून उरलेला एकच मोजा घालून हिवाळाभर घरात हिंडली होती.

सेक्रेटरींनी मोजा हातात घेतला. वास शिल्लक आहे की नाही, याची खात्री केल्याशिवाय पुढची कार्यवाही करता आली नसती, म्हणून त्यांनी तो नाकाला लावला. साबणाचा वास होता. खात्री झाली नाही, म्हणून पुन्हा लावला. थोडा वेळ खात्रीच करत राहिले.

मग ते दिवाणखान्यात आले आणि मोजा भोपळ्यासमोर धरला.

भोपळ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. नाक हललं. तो उठला, मोजा अलगद त्यांच्या हातातून दातांत घेतला आणि हात वगैरे न देता थेट बाहेरच्या दारापाशी जाऊन बसला. तोंड दाराकडे, कान उभे. लिफ्टचा आवाज झाला की शेपटी दोनदा फरशीवर आपटे. लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर थांबली की शेपटी थांबे.

"अरे, ती नाही यायची," सेक्रेटरी म्हणाले. "इकडे ये. फोनवर येईल."

भोपळ्या हलला नाही. त्याला एकटं सोडणं बरं नव्हे, दार ओरबाडेल, असा विचार करून सेक्रेटरी त्याच्या शेजारी चपलांच्या स्टँडवर बसले. केवळ देखरेखीसाठी. पुन्हा लिफ्ट आली. दोघांनी दाराकडे बघितलं. लिफ्ट वर गेली. दोघांनी खाली बघितलं.

तेवढ्यात आत फोन वाजला.

सेक्रेटरी धावले, फोन उचलला आणि धावतच परत येऊन भोपळ्यापुढे धरला. "जागा आहे!" ते म्हणाले. "आज पूर्ण जागा आहे!"

"भोपळ्याऽऽ!" फोनमधून आवाज आला. भोपळ्याने आवाज ऐकला, आनंदाने मान वर केली, आणि मान वर केली की तोंडात असेल ते आत जातं, या नियमाने मोजा आत गेला.

"बाबा, त्याने काय गिळलं?"

"काही नाही."

"निळं होतं काहीतरी!"

"मोजा."

"कोणाचा?"

सेक्रेटरींनी इकडे तिकडे बघितलं. "तुझा," ते म्हणाले.

पडद्यावरचा तिचा चेहरा जवळ आला. मग ती म्हणाली, "फोन ठेवू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ठेवू नका म्हणते ना!"

बायकोला हाका मारून खाली बोलावलं, भोपळ्याला शेजाऱ्यांच्या गाडीत ढकललं, आणि सगळी वरात गुरांच्या दवाखान्यात पोचली. फोन सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात चालूच होता. खिशातून अधूनमधून "पोचलात का?" असं ऐकू येई.

खिडकीमागच्या बाई पेशंटची नोंद घेत होत्या. "मालकाचं नाव?"

"मालकीण इथे नसते."

"मग तुम्ही कोण?"

"मी सांभाळतो."

"नातं लिहावं लागतं."

"कुत्र्याशी?"

"मालकाशी."

"वडील," खिशातला आवाज म्हणाला. "माझे वडील आहेत ते."

बाईंनी लिहून घेतलं. सेक्रेटरींनी खिशाला उगाच वरून हात लावला.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि उलटीचं औषध देतो म्हणाले. "मोजा केवढा?"

"लहान," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे तिचा पाय लहानच आहे."

"मी मोजा विचारतोय."

बायको भोपळ्याबरोबर आत गेली. घरचं एकच माणूस, फोन बंद ठेवून, असा नियम होता. नियम म्हटल्यावर सेक्रेटरी बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढून बंद दारासमोर धरला.

"भोपळ्या आत आहे," ते म्हणाले. "दिसणार नाही. ठेवू का?"

"नको."

"मग काय दाखवू?"

"तुम्ही दिसा ना, बाबा."

सेक्रेटरींनी फोन वळवला.

"कान दिसतोय."

त्यांनी लांब धरला.

"हं. आता दिसलात." ती बघत राहिली. "चष्मा बदललात?"

"झाले की बरेच दिवस."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं, बाबा. इथे आले त्या पहिल्या दिवशी विचारलं होतं, कसे आहात म्हणून. तुम्ही म्हणालात, 'ठीक.' आणि भोपळ्यापुढे फोन धरलात. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, तुम्हाला तेच सोपं जातंय."

सेक्रेटरींना आठवलं. त्या पहिल्या दिवशी आवाज नीट लागेना. अशा आवाजात काय बोलायचं, म्हणून त्यांनी कुत्रा दाखवला होता. तात्पुरती व्यवस्था म्हणून.

"तो झोपला की तू ठेवतेस," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात म्हणायचं नव्हतं, पण मीटरच्या तक्रारी ऐकून ऐकून तो सूर लागला होता.

"तुम्ही उसासे टाकता. मला वाटायचं, फोन धरून हात दुखला." मग म्हणाली, "आणि मी त्याच्याकडे बघतच नाही फारशी. त्याच्यामागे तुमचे पाय दिसतात खुर्चीखाली. डावी सपाता फाटलीय."

सेक्रेटरींनी पायांकडे बघितलं. घाईत ते सपाता घालूनच आले होते. डावी खरंच फाटली होती. बरेच दिवस कोणीतरी लांबून त्यांच्या सपातांवर नजर ठेवून होतं, आणि ते इकडे कुत्र्याला हात द्यायला शिकवत होते.

त्यांनी डावा पाय बाकाखाली सरकवला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या खिडकीतून झाडं दिसतात ती कसली?"

"नाव नाही माहीत. उंच आहेत. वारा सुटला की समोरच्या दिव्याला झाकतात. तुम्ही आलात की सांगा ना कसली ते."

"हं," सेक्रेटरी म्हणाले. इतक्या लांब ते कधी जाणार होते! गुडघे असे, रजा अशी. पण झाडं एकदाची उंच झाली. "तुला टाकीची गोष्ट सांगायची राहिली."

त्यांनी टाकीची गोष्ट सांगितली. अध्यक्षांच्या पेशंटच्या चुळेपर्यंत आल्यावर ती इतकी हसली की तिच्याकडची माणसं वळून बघू लागली, आणि खिडकीमागच्या बाईंनी "शांतता" असं लिहिलेल्या पाटीवर पेन्सिल आपटली. पाट्यांचा मान राखणाऱ्या सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा एका पाटीकडे साफ दुर्लक्ष केलं.

दार उघडलं. डॉक्टर चिमट्यात एक ओलंगच्च निळं काहीतरी घेऊन आले. मागून भोपळ्या आला, जरा ओशाळलेला, आणि त्याच्यामागून बायको.

"घ्या तुमची वस्तू," डॉक्टर म्हणाले. "टाकून देऊ?"

"नको," फोन आणि सेक्रेटरी एकदमच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मोजा धुऊन खिडकीत वाळत घातला होता, तो मागे दिसेल अशी खुर्ची सरकवली. बोलायचे विषय त्यांनी दिवसभर मनात क्रमाने लावले होते. त्यातला पहिला, हवामान, लगेच संपला. पुढे क्रम काही राहिला नाही.

"कुठे निघालात, बाबा? एवढा शर्ट?"

"कुठे नाही. घरीच."

बोलणं लांबलं. समोर फरशीवर भोपळ्या बसला होता. बराच वेळ त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग, कोणी काही न म्हणता, त्याने उजवा पाय उचलून पुढे धरला. कोणी बघितलं नाही. त्याने डावा धरला. मग पुन्हा उजवा. ट्रेनरला, हेडबाईंना आणि पाण्याच्या टाकीला जे त्याच्याकडून करून घेता आलं नव्हतं ते तो स्वच्छ करून दाखवत होता, आणि कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडेच होतं.

"सुट्टी संपली, बाबा. ठेवते हं."

"ठेव," सेक्रेटरी म्हणाले. "झाडांकडे बघ."

पडदा काळा झाला. खिडकीत एकटा मोजा हलत होता. बाहेर लिफ्ट आली, आणि वर गेली.

भोपळ्याचा पाय अजून पुढेच होता. सेक्रेटरींनी तो हातात घेतला आणि धरून ठेवला. बिस्किटांचा डबा आत फळीवर होता. दोघांपैकी कोणीही त्यासाठी उठलं नाही.